टॉवेलखालचा डबा

रविवारी सकाळी मास्तर आले की वहिनीची कुरकुर सुरू व्हायची. "पुन्हा पीठ पातेल्यात काढायचं का? मास्तर, तुमच्या शाळेपायी माझं स्वयंपाकघर उलटंपालटं होतं बघा." असं म्हणता म्हणता ती डबा रिकामा करूनही द्यायची. मास्तर टेबलावर पत्र्याचे डबे एका रांगेत मांडायचे. सगळे भरलेले, एक तेवढा रिकामा. वरून पातळ चादर पसरायचे आणि मग भिंगरीच्या हातात चमचा द्यायचे.

भिंगरी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. तिसरीत होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून दादानेच तिला हे नाव ठेवलं होतं. पण डब्यांपुढे ती श्वास रोखून उभी राहायची. चादरीवरूनच एकेका डब्यावर चमचा वाजवायचा, कान द्यायचा आणि रिकामा कुठला ते सांगायचं, असा तो धडा.

"टक. टक. टक. ठण्ण. हा."

"नक्की? घाई नको."

"मास्तरआजोबा, तो एवढा बोंबलतोय. बहिऱ्यालासुद्धा कळेल."

"बरं. मग समुद्राच्या तळाखाली असं बोंबलतं ते काय असतं?"

"गॅस."

"आणि भरल्या डब्यासारखं गप्प असतं ते?"

"चिखल. नाहीतर वाळू. नाहीतर दगड. पण आजोबा, दगड गप्प नसतो, तो टणक वाजतो. तुम्हीच सांगितलंय."

मास्तर माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यात कौतुक असायचंच, शिवाय 'तुला हे कळायला दोन महिने लागले होते' हा टोमणाही असायचा. कारण मीसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकले. ते कुठल्या शाळेत कधी शिकवत नव्हते. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला ते खुर्ची ओढून शेजारी बसवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

आमचं काम डब्यांच्या खेळासारखंच आहे. समुद्रात रिग, म्हणजे खोदाईचा मंच, उभी करून तळात तेलाची विहीर खोदायची असली की आधी तिथे एक जहाज जातं. ते पाण्यात दाबलेल्या हवेचे धडाके सोडतं. तो आवाज तळाखाली उतरतो, चिखलाच्या, वाळूच्या, दगडाच्या प्रत्येक थरावर थोडा थोडा आपटून परत येतो. जहाजामागे लांबच लांब केबल ओढत नेलेली असते आणि तिच्यात ठिकठिकाणी कान बसवलेले असतात. त्या कानांनी ऐकलेलं सगळं जोडलं की चित्र तयार होतं: तळाखालच्या थरांच्या रेघा, एकाखाली एक. ती वाचायची आणि कुठे खोदू नये ते लाल रंगाने दाखवायचं, हे आमचं काम.

सगळ्यात जास्त भीती असते ती वरच्या वर, तळाच्या थोडंच खाली अडकून बसलेल्या गॅसची. विहिरीच्या तोंडावर जी भली मोठी झडप बसवतात, ती बरंच खोदून, आत लोखंडी नळ घट्ट बसल्यावरच बसवता येते. त्याआधीच गॅस लागला तर त्याला अडवायला काही नसतं. तो सरळ वर येतो.

दादाच्या रिगवर तो असाच आला. दादा तिथे ड्रिलर होता, खोदाईची कळ त्याच्या हातात असायची. लोकांना बोटींकडे पिटाळून तो पाळीतल्या दोघांना आणायला मागे वळला, असं वाचलेल्यांनी सांगितलं. ते दोघंही आले नाहीत आणि दादाही.

चौकशी झाली. सर्वेच्या चित्रात गॅसची खूण नव्हती, असं ठरलं. ते चित्र वाचून नकाशा केला होता मास्तरांनी.

मी त्याच खोलीत, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते. पण आमच्या ऑफिसात एक नियम आहे, आणि तो बरोबरच आहे: घरचं माणूस ज्या रिगवर, त्या रिगच्या जागेचं चित्र आपण बघायचं नाही. माया आली की डोळा फिरतो. नको तिथे लाल दिसायला लागतं, नाहीतर दिसायला हवं तिथे दिसत नाही. म्हणून मास्तर त्या जागेवर काम करत होते तेवढे दिवस मी माझी खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली होती. दादा घरी आला की चिडवायचा, "काय पाताळवाल्या बाई, जगभराच्या पायाखाली बघता आणि सख्ख्या भावाच्या पायाखाली बघायचं म्हटलं की पाठ फिरवता. हा कुठला न्याय?" मी म्हणायचे, "तुझ्या पायाखाली मास्तर बघतायत. माझ्यापेक्षा बरं बघतात." वहिनी म्हणायची, "मग जेवा आता दोघं."

दादा गेल्यावर मास्तर निवृत्त झाले. व्हायचेच होते. त्यानंतर ते रविवारी आमच्याकडे येऊ लागले. सुरुवातीला नुसते बसून राहायचे. एकदा भिंगरीने त्यांना विचारलं, "गॅस जमिनीखाली असतो तर दिसत कसा नाही?" ते उठले आणि त्यांनी वहिनीकडे डबे मागितले. दादा गेल्यापासून ते पोर जेवताना बोलत नव्हतं, शाळेत बोलत नव्हतं. चमचा हातात आल्यावर बोलायला लागलं.

आणि वहिनी? तिला एका वाक्याचा आधार होता. 'दिसलंच नसतं गं.' ऑफिसातल्या कोणीतरी भेटायला आल्यावर ते म्हटलं होतं. तिने ते उशीसारखं जवळ घेतलं. कोणी हळहळलं की तीच समजूत घालायची, "नाही हो, ते दिसण्यासारखंच नव्हतं. कोण काय करणार?"

दीड वर्षाने त्या जागेच्या जवळच नवी विहीर खोदायचं ठरलं. आमच्या विभागाच्या मॅडम माझ्या टेबलाशी आल्या आणि जरा घुटमळल्या. "ही जागा तुला चालेल का? नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही."

"नियमात बसतं," मी म्हटलं. "माझं आता कुठल्याच रिगवर कोणी नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या.

शेजारच्या जागेचं काम करायचं तर जुनं चित्र उघडावंच लागतं. मी उघडलं. मास्तरांनी ठेवलं होतं तसंच ते आलं: स्वच्छ, सगळ्या रेघा एकसारख्या, कंगव्याने विंचरल्यासारख्या. ते समतल केलेलं चित्र होतं.

हे जरा समजावून सांगते. पूर्वी ही चित्रं लांबलचक कागदांवर छापून यायची. एखाद्या थरावरून आलेला आवाज फार मोठा असला की तिथे शाई पसरून काळा डाग व्हायचा, आजूबाजूचं काही वाचता यायचं नाही. म्हणून छापण्याआधी सगळे आवाज एका पट्टीत आणत. मोठ्याला दाबायचं, बारक्याला उचलायचं. वर्गातलं ओरडणारं पोर आणि पुटपुटणारं पोर, दोघांना सारख्याच आवाजात बोलायला लावावं तसं. थर कसे वळलेत, कुठे तुटलेत हे बघायला ते चित्र उत्तम. फक्त ओरडणारं पोर कोणतं, ते त्यात कळत नाही. म्हणून कच्चं, म्हणजे आवाज जसेच्या तसे ठेवलेलं, आणि समतल अशी दोन्ही बघायची असतात, आणि गॅस शोधायचा तर कच्चं आधी. कागद जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण कागदावर शिकलेल्यांचा हात अजूनही सवयीने पहिल्यांदा समतलाच्या कळेवर जातो. काही वेळा तिथेच थांबतो.

मी समतल काढून टाकलं. एक कळ दाबायची असते.

रिगच्या जागेच्या बरोबर खाली, तळापासून फार खोल नाही, एक रेघ एकदम पेटल्यासारखी उठून दिसली. शेजारच्या सगळ्या रेघा तिच्यापुढे फिक्या पडल्या. आणि ती उलटी होती: जिथे काळं यायला हवं तिथे पांढरं, पांढऱ्याच्या जागी काळं. तिच्याखालचे थर धुरकट झालेले, मधोमध किंचित लवलेले, कारण गॅसमधून जाताना आवाज रेंगाळतो आणि खालचं सगळं आहे त्याहून खोल भासतं. पुस्तकात छापावं असं. एखाद्या नवख्याला परीक्षेत द्यावं तर तोही पास होईल असं.

दुपारची वेळ होती. कोणीतरी जेवणाचा डबा उघडत होतं. मी पुन्हा समतल लावलं, रेघ विझली. काढलं, पेटली. किती वेळा केलं, आठवत नाही.

मॅडमनी बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. चौकशीपुढे समतल चित्रच ठेवलं गेलं होतं. कच्चं कोणी मागितलं नव्हतं. "हे वर कळवावंच लागेल," त्या म्हणाल्या. "सोमवारी कळवते. घरी आधी तू सांगशील?"

"मास्तरांना माहीत नाहीये," मी म्हटलं. याबद्दल मला शंका नव्हती. माहीत असतं तर तो माणूस आमच्या घरी डबे वाजवत बसू शकला नसता.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. जिना चढून दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी खुंटीवर तिची छत्री होती. टेबलावर पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून ठेवलेले. निळं पाणी, करडा चिखल.

"वाळू लावायची राहिलीय," ते म्हणाले. "खरी वाळू चिकटवतो. बोट फिरवलं की कळलं पाहिजे तिला. रविवारपर्यंत वाळेल ना गं?"

मी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं.

त्यांनी डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून काढून पुन्हा लावलं.

"कच्चं मी बघितलं असणार," ते म्हणाले. "मी नेहमी बघतो." मग म्हणाले, "मला दाखव."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी रात्रीच फोन केल्यावर मॅडमनी मास्तरांना आत घ्यायची परवानगी काढली होती. खोलीत आम्ही दोघंच. ते आपल्या जुन्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला. मी समतल चित्र लावलं. त्यांनी मान हलवली; ओळखीचं होतं ते. मग मी कळ दाबली.

ते पुढे झुकले. उजव्या हाताचं बोट त्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, पडद्याच्या काचेला न लावता. नवख्यांना शिकवताना नेत, तसंच.

"उलटी आहे," ते म्हणाले.

"हो."

"खाली लवलंय."

"हो, मास्तर."

"मी नव्हतं बघितलं."

त्यांनी मला पुन्हा समतल लावायला सांगितलं नाही. मग म्हणाले, "तू शेजारीच होतीस."

"खुर्ची वळवली होती."

"हो. मीच वळवायला लावली होती." आणि ते उठले.

जिन्याशी मी म्हटलं, "वहिनीला मी सांगते. भिंगरीला इतक्यात नको. ती लहान आहे. तिला रविवारशिवाय आहे काय?"

"तिला शिकवलंय मी," ते म्हणाले. "कुठला आवाज मोठा, कुठला लहान, सगळं. मोठी झाली की तूच तिला ते चित्र दाखवशील. दाखवावंच लागेल. तेव्हा ती म्हणेल, आजोबांना हे येत होतं, मग..." ते थांबले. "मला सांगू दे. मी सांगितलं तर निदान शिकवल्यासारखं होईल."

"आणि मग ती तुमच्याशी बोलली नाही तर?"

"मग नाही बोलली."

रविवारी ते नेहमीच्या वेळी आले. हातात पुठ्ठ्याचे थर नव्हते, कापडी पिशवी होती. वहिनीला मी काही सांगितलं नव्हतं. सांगायला म्हणून सकाळपासून दोनदा स्वयंपाकघरात जाऊन तशीच परत आले होते. ती कुरकुरत डबा रिकामा करत होती.

मास्तरांनी डबे मांडले. मग पिशवीतून जाडजूड टॉवेल काढले आणि एकेका डब्याला गुंडाळायला लागले. झाकणावरून घेऊन खाली खोचत, हळूहळू, नीट.

"डब्यांना थंडी वाजतेय का?" भिंगरीने विचारलं.

"वाजव."

तिने चमचा मारला. थप. पुढचा. थप. थप. ती परत पहिल्याकडे आली, कान टेकवून ऐकलं, चमचा उलटा धरून बघितला. शेवटी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "ही चीटिंग आहे. सगळे सारखेच वाजतायत. असं कसं कळणार? टॉवेल काढा."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "रिकामा डबा शोधायचा तर टॉवेल काढायला हवा. हे सगळ्यात आधी करायचं असतं."

"मग तुम्ही घातलेच कशाला?"

"कधी कधी घालतात. सगळे डबे एका उंचीचे आहेत का, सरळ रांगेत आहेत का, एवढंच बघायचं असलं की. मला तशी सवय होती." ते तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले, म्हणजे दोघांचे डोळे एका रेषेत आले. "भिंगरी, तुझे बाबा जिथे खोदत होते, त्या जागेचं चित्र मी वाचलं होतं. तेव्हा मी टॉवेल काढायचा विसरलो. सगळं सारखं वाजलं, म्हणून मी सांगितलं, खोदा. काल तुझ्या आत्याने टॉवेल काढून दाखवला."

वहिनी दारात आली होती. हातात पिठाचं पातेलं तसंच होतं.

भिंगरीने डब्यांकडे बघितलं. मग विचारलं, "बोंबलत होता?"

"हो."

"खूप?"

"खूप."

तिने चमचा खाली ठेवला. आवाज होऊ नये अशा बेताने ठेवला. "टॉवेल काढायला किती वेळ लागला असता?"

मला वाटलं, आता ते काहीतरी मऊ बोलतील. मुलांना शिकवणाऱ्याला ते येतं. पण ते म्हणाले, "घोटभर पाणी प्यायला लागतो ना, तेवढा."

ती खुर्चीवरून उतरली आणि आतल्या खोलीत गेली. पळत गेली नाही. नेहमी पळायची.

वहिनीने पातेलं ओट्यावर ठेवलं. टेबलाशी येऊन एका डब्याचा टॉवेल सोडला, दुसऱ्याचा सोडला, सगळे सोडले आणि घडी करून पिशवीत भरून ती पिशवी मास्तरांच्या हातात दिली. "दिसलं असतं तर," ती म्हणाली. तिला पुढे काही म्हणायचं होतं, पण तेवढंच आलं. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ नका."

"नाही येत," मास्तर म्हणाले.

मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेले. फाटकाशी ते थांबले. "रिकामा कुठला होता ते तिने ओळखलं नाही आज," ते म्हणाले. "उजवीकडून दुसरा होता. विचारलं तर सांग."

हे ऐकलेली माणसं विचारतात, वहिनी मास्तरांवर फार चिडली का. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती झोपेनाशी झाली. एकदा भांडी विसळताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आणि सांगितलं नसतं तर मी त्यांना कधी माफ केलं नसतं. दोन्ही खरं आहे. याचं काय करायचं ते तुझ्या ऑफिसात कोणाला माहीत असलं तर विचार." लोकांची समजूत घालणं तिने सोडून दिलं. कोणी हळहळलं तर ऐकून घ्यायची.

नव्या विहिरीच्या नकाशावर मी लाल रंग भरला. जुन्या जागेभोवती, आणि नव्या जागेच्या एका कडेलाही, कारण तिथेही एक लहान रेघ पेटत होती. रिग बाजूला सरकवली गेली. खोदाई सुखरूप झाली. तिथे कळ कोणाच्या हातात होती, त्याची बहीण कुठे काम करते, मला माहीत नाही. त्यालाही कधी कळणार नाही की त्याच्या पायाखाली कोणी बघितलं होतं.

मास्तरांकडे मी अधूनमधून जायचे. पुठ्ठ्याचे थर टेबलावर तसेच होते. वाळू त्यांनी लावली होती. ते फारसं विचारत नसत. एकदाच म्हणाले, "बोलते का ती?"

"शाळेत बोलते," मी म्हटलं.

खरं म्हणजे त्याच आठवड्यात एक झालं होतं. रविवार होता. मी वाचत बसले होते आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. टक. टक. मी जाऊन बघितलं. भिंगरीने डबे स्वतःच मांडले होते. चादर नाही, काही नाही. वहिनी ओट्याशी पाठ करून उभी होती, पण तिचे हात थांबले होते.

"मी लपवू का एखादा रिकामा?" मी विचारलं. "तू डोळे मीट."

"नको," ती म्हणाली. "सगळे भरलेत. मी फक्त बघतेय."

"काय बघतेयस?"

तिने शेवटच्या डब्यावर चमचा मारला, कान टेकवून तो आवाज पुरता विरेपर्यंत ऐकला, आणि मग पुन्हा पहिल्या डब्यापासून सुरुवात केली.

"एकदाच वाजवून सोडायचं नसतं," ती म्हणाली.

वहिनीने नळ सोडला. पाणी बराच वेळ नुसतं वाहत होतं.